बाटली खालीच राहू दे

मुका मार या शब्दावर माझा राग आहे. इमर्जन्सीत माणूस छाती धरून येतो, चेहरा पांढराफटक, आणि त्याच्या आधी सोबतचा नातेवाईक बोलतो, "मैडम, कुछ नहीं, गुम चोट है." हिंदीत गुम चोट, मराठीत मुका मार. एका भाषेत तो हरवतो, दुसरीत तो बोलत नाही, आणि दोन्हीकडे म्हणणं एकच की रक्त दिसत नाही ना, मग कशाला एवढी घाई? उज्जैनच्या एका खासगी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत मी कित्येक वर्षं काढली आहेत आणि नातेवाइकांवर ओरडणारी बाई म्हणून माझी ख्याती आहे. ओरडते, खरं आहे. छातीला मार लागलेल्या माणसाला घरी हळद लावून झोपवतात आणि ओठ निळे पडले की आणतात. मग ओरडू नको तर काय आरती ओवाळू?

तर हा मुका मार श्रावणातल्या एका शुक्रवारी आमच्याच घरी आला.

आमचं घर म्हणजे आई, बाबा, दादा, वहिनी आणि मी. बाबा बँकेतून रिटायर झालेले. बदली होऊन उज्जैनला आले ते इथलेच झाले. दादा नोकरीसाठी रोज इंदूरला अप-डाउन करतो. मी लग्न केलं नाही, त्यामुळे माझं बिऱ्हाड आईबाबांकडेच. वहिनी मात्र इथली, माळव्यातली. तिच्या वडिलांचं राम घाटाजवळ पूजेच्या सामानाचं दुकान आहे. दादाने तिच्याशी स्वतः ठरवून लग्न केलं, आणि आईने ते मान्य केलं एका अटीवर. उंबऱ्याबाहेर काय बोलायचं ते बोला, घरात मराठी. "आपल्या घरात आली आहे, शिकेल," असं आई म्हणायची, आणि वहिनी खरंच शिकली. चुकतमाकत, लिंग-वचनाची वाट लावत, पण शिकली. आई तिच्याशी एक वाक्य कधी हिंदीत बोलली नाही. भाजीवाल्याशी खणखणीत हिंदीत भांडून आत यायची आणि सुनेसमोर आली की मराठी सुरू.

बाबांना हे सगळं फाजील वाटायचं. आई देवपूजेला बसली की ते हळूच स्वयंपाकघराच्या दारात जायचे आणि म्हणायचे, "बेटा, चाय मिलेगी?" आणि ती हसून म्हणायची, "अभी लाई, बाबा." त्या दोघांचं ते चोरटं खातं होतं. आईला ते माहीत होतं, पण ऐकू न आल्यासारखं करायची.

त्या शुक्रवारी बाबा देवास गेटला भुट्टे आणायला गेले. भुट्ट्याचा कीस, म्हणजे मक्याची कणसं किसून दुधात शिजवलेला, हा बाबांचा जीव की प्राण. पिशवीतून कणसं बाहेर डोकावत होती, आणि तिथे कायम उभा असणारा एक सांड त्या पिशवीच्या मागे लागला. बाबांनी पिशवी सोडली असती तर काही झालं नसतं. नाही सोडली. सांडाने मान फिरवली आणि बाबा एका उभ्या ऑटोच्या लोखंडी दांड्यावर डाव्या कुशीने दाबले गेले. लोकांनी सांडाला हाकललं, ऑटोवाल्याने पाणी पाजलं आणि त्याच ऑटोतून बाबा घरी आले, पिशवी हातात.

मी ड्यूटी संपवून दुपारी घरी आले तेव्हा बाबा पलंगावर तीन उशा घेऊन टेकून बसले होते. आईने आंबेहळदीचा लेप लावून वरून पंचा गच्च आवळून बांधला होता. ताटात कीस होता. दोन घास खाऊन बाकी तसाच. बाबांनी भुट्ट्याचा कीस टाकला, हे पाहून मी पर्सही न ठेवता पलंगाशी गेले.

"ये, डॉक्टरीणबाई," बाबा म्हणाले. "महाकालाची सवारी सोमवारी आहे... आणि नंदी... आजच येऊन गेला."

विनोद चांगला होता. पण माझ्या बाबांनी आयुष्यात कधी विनोदात श्वास घेतला नव्हता. ते एका दमात सांगायचे आणि स्वतःच आधी हसायचे. आज एक वाक्य तीन तुकड्यांत आलं, आणि हसू आलंच नाही.

"काही नाही गं, मुका मार आहे," आई म्हणाली. "शेक दिला की उतरेल."

मी काय बोलले ते लिहीत नाही. पंचा सोडला. मोडलेल्या बरगड्यांवर काही आवळून बांधायचं नसतं, हे मी रोज कुणाला ना कुणाला सांगते. बांधलं की दुखणं जरा कमी वाटतं, आणि श्वासही कमी होतो. मी बाबांना म्हटलं, मोठा श्वास घ्या. उजवी बाजू थोडी वर आली. डावी तशीच पडून राहिली. कुशीवर बोटं ठेवली तर कातडीखाली बारीक शेव चुरडल्यासारखं लागलं. याचा अर्थ फुप्फुसातली हवा बाहेर पडून कातडीखाली शिरली आहे. बोटाने ठोकून पाहिलं तर रिकाम्या डब्यासारखा आवाज. स्टेथोस्कोप लावला. उजवीकडे खरखर होती, डावीकडे काहीच नाही.

आता बाबांच्या उजव्या फुप्फुसाबद्दल सांगायला हवं. तरुणपणी त्यांना टीबी झाला होता. बरा झाला, पण उजवं फुप्फुस वरून आक्रसून गेलं होतं. बाबा जगत होते ते डाव्यावर. तेच आता मिटलं होतं. मुद्दा एवढाच होता. डावं फुप्फुस उघडलं तर बाबा राहतील, नाही उघडलं तर नाही.

दादा इंदूरला होता. गाडी वहिनीने काढली. देवास गेटच्या त्या गर्दीतून, हातगाड्या आणि बसमधून, ती ज्या वेगाने आणि ज्या शिव्या देत गाडी काढत होती ते पाहून आई मागच्या सीटवर डोळे मिटून रामरक्षा म्हणत होती. मध्येच आई म्हणाली, "अगं हळू!" वहिनी म्हणाली, "नाही आई, आज हळू नाही." हॉस्पिटलच्या रॅम्पवर पोचलो तेव्हा बाबांच्या मानेच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या होत्या आणि ते माझ्याकडे पाहत होते, पण ओळखत नव्हते. आणखी थोडा उशीर झाला असता तर गाडीतच सगळं संपलं असतं. ही गोष्ट मी नंतर आईला पुन्हा पुन्हा सांगितली आहे. तिने ती एकदाही ऐकली नाही.

छातीत अशी हवा कोंडत गेली की ती फुप्फुस तर मिटवतेच, वर हृदयाला पण दुसऱ्या बाजूला ढकलते. एक्स-रेची वाट पाहायची नसते. सर्जन ऑपरेशनमध्ये होते. आपल्या माणसावर आपण हात चालवू नये म्हणतात. म्हणोत. मी दोन बरगड्यांच्या मधून जाड सुई घातली आणि सुस्स करून हवा बाहेर आली. सायकलच्या ट्यूबची काढावी तशी. बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि या वेळी ओळखलं. मी स्ट्रेचरचा दांडा धरून उभी राहिले, आणि आमच्या सिस्टरने पहिल्यांदाच मला रडताना पाहिलं.

मग सर्जन आले, कुशीतून नळी घातली, आणि नळीचं दुसरं टोक बाटलीत सोडलं.

या बाटलीबद्दल नीट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. साधी प्लास्टिकची बाटली असते, झाकणाची. आत थोडं निर्जंतुक पाणी असतं आणि नळीचं टोक त्या पाण्यात बुडलेलं असतं. छातीतली हवा नळीतून येते आणि बुडबुडे काढत निघून जाते. बाहेरची हवा मात्र उलटी आत जाऊ शकत नाही, कारण मध्ये पाणी आहे. ते पाणी म्हणजे दरवाजाची कडी. दुसरी गोष्ट, बाटली नेहमी पलंगाच्या पातळीच्या खाली, जमिनीवर. वर उचलली तर पाणी छातीत परत जाईल. एवढे दोनच नियम. मी ते आईला आणि दादाला समजावून सांगितले. वहिनी तेव्हा घरी होती. डबे करणं, पोचवणं, घर सांभाळणं तिच्याकडे होतं.

शनिवार-रविवार चांगले गेले. दुखणं कमी व्हायचं इंजेक्शन वेळेवर मिळत होतं, त्यामुळे बाबा खोकू शकत होते, आणि खोकल्यागणिक बाटलीत बुडबुडे उठत. पाण्यात थोडं रक्त उतरून ते गुलाबी झालं होतं. श्वासाबरोबर नळीतलं पाणी हलायचं. आई तासन्‌तास त्याच्याकडे बघत बसायची. "हलतंय गं," मला सांगायची, "हलतंय म्हणजे चांगलं ना?" मी म्हणायचे, चांगलं. रविवारच्या एक्स-रेत डावं फुप्फुस बरंच उघडलेलं दिसलं. बाबांनी सर्जनना विचारलं, भुट्टे कधी खायचे. सर्जन म्हणाले, भुट्टे खा, पण आणायला जाऊ नका.

आणि मग सोमवार उजाडला. श्रावणातला सोमवार म्हणजे इथे सवारीचा दिवस. महाकालाची पालखी निघते, दुपारनंतर अर्ध्या गावाचे रस्ते बंद होतात, आणि चेंगरलेले, चक्कर आलेले, पडलेले सगळे आमच्याकडे येतात. मी खाली इमर्जन्सीत होते. आईला रस्ते बंद व्हायच्या आत घरी जाऊन अंघोळ करून यायचं होतं. वहिनी पहिल्यांदाच बाबांजवळ थांबायला आली. आई चपला घालताघालता तिला सांगत होती, असं मला नंतर कळलं. औषध कोणतं, सूप किती, उशा कशा. आणि पुन्हा पुन्हा एकच गोष्ट, "बाटली खालीच राहू दे गं. काही झालं तरी खालीच. विसरशील, नाही तर." वहिनी म्हणाली, "नाही विसरणार, आई."

वहिनीचा फोन आला तेव्हा माझ्यासमोर एक हात मोडलेली बाई होती. "ताई, लवकर या. बाबांना... सांस..." एरवी ती 'श्वास' म्हणते.

जिन्याने धावत गेले. बाबा उठून बसले होते, ओठ जांभळे, दोन्ही हात गादीवर रोवलेले, खांदे वर-खाली. मास्क लावलेला असून ऑक्सिजन घसरत चाललेला. मी नळी पाहिली, जागेवर होती. पीळ नव्हता. बाटली जमिनीवर होती, भिंतीला लागून, अगदी सरळ ठेवलेली. आणि ती रिकामी होती. नुसती रिकामी नाही, धुतलेली. चकचकीत. बाबा श्वास घेत होते तशी खोलीतली हवा त्या उघड्या नळीतून थेट त्यांच्या छातीत जात होती.

"पाणी कुठे गेलं?" मी किंचाळले.

"मी फेकलं," वहिनी म्हणाली. "गंदं झालं होतं, लाल. आई म्हणाल्या होत्या ना, बाटली खाली राहू दे."

ओरडायला मी तोंड उघडलं होतं. माझं नावच त्यासाठी आहे. पण तो शब्द कानावर आला आणि तोंड तसंच उघडं राहिलं. खाली. मराठीत खाली म्हणजे तळाशी. हिंदीत खाली म्हणजे रिकामी. तिने बाटली खाली ठेवली होती. दोन्ही अर्थांनी ठेवली होती, बिचारीने, कुठल्याच अर्थाने चूक होऊ नये म्हणून जणू.

हात चालतच होते. सिस्टरने सलाईन आणलं, मी बाटलीत ओतलं, नळीचं टोक बुडवलं, बाबांना म्हटलं, खोका. ते खोकले. बुडबुडे आले. पुन्हा, बाबा, पुन्हा. सर्जन आले. हळूहळू ऑक्सिजन थोडा वर आला, पण पूर्वीइतका आला नाही. बाबा इतके दमले होते की खोकायचं म्हटलं तरी डोळे मिटत. एकदा त्यांनी मास्क बाजूला केला आणि भिंतीशी उभ्या असलेल्या वहिनीकडे बोट करून मला विचारलं, "रो रही है क्या?" मी म्हटलं, नाही. रडतच होती.

त्यांना आयसीयूत नेलं. उजव्या, आधीच आक्रसलेल्या फुप्फुसात इन्फेक्शन झालं. मशीन लावावं लागलं. मी रोज आत जाऊन आकडे पाहत होते आणि बाहेर येऊन आईला काहीतरी सांगत होते. ज्या गोष्टी दुसऱ्यांच्या नातेवाइकांना तोंडावर सांगते त्या आईला सांगता आल्या नाहीत. श्रावण संपायच्या आत बाबा गेले. सर्जन चांगले आहेत. ते म्हणाले, वय, जुना टीबी, एवढ्या बरगड्या, कुठल्या एका गोष्टीवर बोट ठेवणार? मला त्यांचं म्हणणं पटतं. आणि नाहीही पटत. पाणी राहिलं असतं तर बाबा वाचले असते का, हे मला डॉक्टर म्हणून सांगता येत नाही, आणि मुलगी म्हणून मी तो प्रश्न रोज विचारते.

आईचं तसं नव्हतं. तिच्या मनात हिशेब लख्ख होता. आयसीयूच्या बाहेर, पुण्याहून आलेली आत्या आणि काका समोर असताना ती वहिनीकडे बोट करून म्हणाली, "मी हिला तीनतीनदा सांगितलं होतं. बाटली खालीच राहू दे. हिला स्वच्छतेचं वेड! धुऊन ठेवली! माझ्या माणसाचा जीव धुऊन टाकला हिने!"

"आई, पुरे," मी म्हटलं.

"का पुरे? खोटं बोलते का मी?"

वहिनीने मान खाली घातली. "चुकलं माझं, आई," ती म्हणाली. एवढंच. दादा खिडकीबाहेर बघत होता. त्याला तेव्हा बायकोच्या बाजूने एक शब्द बोलता आला नाही, याचा मला अजून राग आहे.

मी त्याच क्षणी सांगणार होते. आई, तूच ते म्हणालीस, तिला हिंदीतला अर्थ लागला. माझ्या जिभेवर आलं होतं. वहिनीने माझं मनगट धरलं आणि मला जिन्यापर्यंत ओढत नेलं.

"ताई, नका सांगू," ती म्हणाली.

"का? तुझी चूक नाही ही. तुला खाली म्हणजे काय वाटलं?"

"रिकामी." मग तिने मान हलवली. "नाही, खरं सांगू? मला येतो तो शब्द. मी रोज म्हणते, बाबा, खाली बसा, पाट मांडलाय. मला येतो, ताई. पण त्या दिवशी बाटलीत ते लाल पाणी पाहिलं, माहेरी माझ्या बाबूजींच्या ऑपरेशनला लघवीची थैली आम्ही खाली करायचो ना, तशीच वाटली. दिमाग हिंदीत चालला. बस." ती पायरीवर बसली. "आईंना कळलं की त्यांच्याच शब्दाने झालं, तर त्या जगतील का? मला बोलतायत, बोलू दे. मी सहन करेन. त्या नाही करू शकणार."

माझं डोकं फिरलं. मी तिला वेडी म्हटलं, मूर्ख म्हटलं. मग तिच्या शेजारी पायरीवर बसले. तिने विचारलं, "माझ्यामुळे गेले का?" मी म्हटलं, "माहीत नाही." तिला खोटं सांगावंसं वाटलं होतं, पण इतकं प्रेम असलेल्या माणसाला खोटं सांगणं मला जमलं नाही. ती म्हणाली, "ठीक आहे."

तेरावा झाला. पाहुणे गेले. आई वहिनीशी बोलायची बंद झाली असती तर बरं झालं असतं. ती बोलायची, कामापुरतं, भिंतीकडे पाहून. वहिनी पूर्वीपेक्षा जास्त काळजीने मराठी बोलू लागली. प्रत्येक शब्द तपासून. एखाद्या शब्दाला अडली तर गप्प बसायची, हिंदी वापरायची नाही. घरात बाबांचा आवाज नव्हता आणि ते चोरटं हिंदीही गेलं होतं. चहा ठेवताना ती कधी कधी दाराकडे पाहायची. मी ते पाहायचे आणि ड्यूटीवर निघून जायचे. पळून जायचे, असंच म्हणते.

मग एके दिवशी सकाळी, साधीच सकाळ, मी ओट्याशी चहा पीत उभी होते. वहिनी मागे कपडे वाळत घालत होती. आईने चहासाठी साखरेचा डबा उघडला, आत पाहिलं आणि मोठ्याने हाक मारली, "अगं, साखरेचा डबा खाली झालाय, भरून ठेव!"

आणि ती थांबली.

पुण्याची आत्या आमच्या याच मराठीला कायम हसायची. सिलिंडर खाली झाला, घर खाली केलं, खाली हात परत आलो. आम्ही उज्जैनचे लोक असंच बोलतो. आईही तसंच बोलते, इतकी वर्षं बोलत आली आहे, आणि ते तिला मराठीच वाटतं. वहिनी मराठी शिकली ती आईकडून. म्हणजे हा शब्द तिला दोन्ही अर्थांनी आईनेच दिला होता.

आईच्या हातात डबा होता. ती त्यात बघत राहिली. मग माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी इमर्जन्सीत पाहिलं आहे, मी बाहेर येऊन सांगते तेव्हा माणसांच्या चेहऱ्यावर येतं ते.

"तिने... तसं धरलं?" आईने विचारलं. आवाज अगदी बारीक.

मी मान डोलावली.

"आणि तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाही ती?"

"तुझ्यासाठी," मी म्हटलं. "मलाही बोलू दिलं नाही."

आईने डबा ओट्यावर ठेवला, पुन्हा उचलला. "म्हणजे मीच," ती म्हणाली. मी तिच्याजवळ गेले तर तिने हात करून मला थांबवलं. ती रडली नाही. रडली असती तर मला काही करता आलं असतं.

तेवढ्यात वहिनी आत आली, ओल्या हातांनी. तिने काही ऐकलं नव्हतं. आईच्या हातातून डबा घेतला, पुसला, पिंपातून साखर काढून भरला, झाकण घट्ट लावलं. नेहमी तो कुठे असतो ते घरात सगळ्यांना माहीत होतं, ओट्याखालच्या फळीवर. पण हल्ली ती प्रत्येक गोष्ट विचारून करायची.

"आई, कुठे ठेवू?"

आईने तोंड उघडलं. तो शब्द आला नाही. तिने पुन्हा प्रयत्न केला, ओठ हलले, आणि मग तिने नुसतं बोट दाखवलं, ओट्याकडे, त्याच्या तळाशी. वहिनीने वाकून डबा फळीवर ठेवला आणि तशीच वाकलेली असताना मान वर करून विचारलं, "इथेच ना, आई?"

"हाँ बेटा," आई म्हणाली. "वहीं."

वहिनी वाकलेलीच राहिली. तिने आधी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, जिथे बाबा उभे राहायचे. तिथे कुणी नव्हतं. मग तिने आईकडे पाहिलं, आणि तिला कळलं की आईला कळलं आहे.